महासंगणक मोजणारे सोनकांबळे सर

वर्षातून दोनदा आमच्या गल्लीतले सोनकांबळे सर साऱ्या जगाशी अबोला धरतात. एकदा उन्हाळा सरता सरता आणि एकदा दिवाळीच्या मागेपुढे. या दोन वेळांना जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांची यादी जाहीर होते. यादी लागते कुठे तरी परदेशात, आणि इकडे नांदेडात सर दूधवाल्याशीसुद्धा बोलत नाहीत. दूधवाला पातेल्यात दूध ओततो, सरांचं तोंड बघतो आणि माझ्या दुकानाशी येऊन हळूच विचारतो, "रफिकभाई, लिस्ट लागली का?"

माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, मागच्या बाजूला घर. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, भावी नगरसेवक, सगळं छापतो. महासंगणकाशी माझा काडीचा संबंध नाही. पण सरांचं घर माझ्या दुकानाला लागून आहे, मधे एक भिंत आणि एक कडुनिंब. त्यामुळे या विषयात माझं जबरदस्तीनं शिक्षण झालेलं आहे.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पांढरा फुल बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन हा गणवेश अजून सुटलेला नाही. दोन खोल्यांत एकटेच राहतात. मी पहिल्यांदा त्यांचा अबोला पाहिला तेव्हा काळजीनं विचारलं होतं, "सर, आपल्या देशाचा नंबर खाली गेला का?"

सर असे उसळले की कडुनिंबावरचे कावळे उडाले. "नंबर! रफिकभाई, नंबर लावणं म्हंजे मोजणं न्हवं! नंबर शर्यतीत लावतेत. मोजणी वायली!"

मग ती मोजणी काय होती ते मला ऐकावं लागलं. त्यानंतर मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतही सांगू शकेन.

सर तरुण असताना त्यांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटरच्या धंद्याविषयीचं एक इंग्रजी मासिक यायचं. का यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटरच नव्हता. ग्रंथपाल ते उघडायचाही नाही. सरांनी उघडलं. आत एक तक्ता होता. जगात महासंगणक किती, ते कुणी बनवलेले, कुठल्या देशात बसवलेले. तेव्हा महासंगणक ही फार दुर्मीळ चीज होती. बनवणारे कारखानदार अमेरिकेतले आणि जपानमधले, तेही मोजके. युरोपातल्या एका विद्यापीठातली काही मंडळी दरवर्षी बसून त्यांची मोजदाद करायची.

"साऱ्या जगाचा बाजार एका पानावर, रफिकभाई!" हे सांगताना सरांचा आवाज अजूनही हलका होतो. "आन् ती मोजणी कशी? कारखानदाराला इचारलं का तुमची किती गेली, तर तो फुगवूनच सांगणार. नुसती ऑर्डर आली तरी धरणार, मोडीत निघालेलं तेबी धरणार. मग ह्ये लोक काय करायचे? जिथं बसवलं तिथं इचारायचे. बसलंय का? चालू हाय का? हाव म्हणलं तरच धरायचे. याला म्हणतेत मोजणी."

नांदेडच्या उन्हात, पंखा बंद असलेल्या ग्रंथालयात बसून हा तरुण प्राध्यापक दूरदेशीच्या यंत्रांचा हिशेब तपासत होता. घरात टेलिफोन नव्हता. पण कुठला जपानी कारखाना कुठल्या वर्षी पुढे सरकला ते त्याला तोंडपाठ होतं.

सर त्या मंडळींवर जेवढं प्रेम करतात तेवढंच भांडतातही. आपल्या देशाला बाहेरून असं यंत्र मिळायला खळखळ झाली, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी बारक्या बारक्या चिपा जोडून स्वतःचं बांधलं. सरांना कोण आनंद. आता तक्त्यात आपलं नाव येणार! पण तक्त्याची महासंगणकाची व्याख्या वेगळ्या बनावटीच्या यंत्रांसाठी होती. आपलं त्यात बसेना. सरांनी थेट युरोपात पत्र टाकलं, तुमची व्याख्या चुकीची आहे, ती दुरुस्त करा. उत्तर काय आलं हे मी विचारत नाही आणि सर सांगत नाहीत.

पुढे साधी यंत्रंसुद्धा इतकी वेगवान झाली की महासंगणक कशाला म्हणायचं हेच कुणाला सांगता येईना. मग मोजदादच बंद झाली. त्याऐवजी सगळ्या यंत्रांना एकच भलंमोठं गणित घालायचं, जो लवकर सोडवील तो पहिला, आणि वरच्या ठरावीक नंबरांची यादी लावायची, अशी पद्धत आली. जगानं टाळ्या वाजवल्या. सरांना मात्र घरातलं कुणी फितूर झाल्यासारखं वाटलं. "जे यादीत न्हाई ते जगात न्हाई का?" असं ते अजून विचारतात. मला विचारतात! माझ्या पुढ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा केक आणि वाघ असतो.

या सगळ्यातून सरांना एक वाक्य चिकटलं. "छेद कुठं हाय?"

अपूर्णांकात वरचा आकडा अंश आणि खालचा छेद. सरांचं म्हणणं, दुनिया फक्त अंश सांगते. आमच्या गल्लीतल्या एका ठेकेदारानं मुलीच्या लग्नात हजारो माणसं जेवून गेली म्हणून सांगितलं, तर सर पंगतीतच म्हणाले, "बोलावली किती व्हती? छेद कुठं हाय?" दवाखान्यात डॉक्टरांनी या गोळीनं बहुतेकांना गुण येतो म्हटलं, तर सरांनी तिथंही तेच विचारलं. त्यांच्यामागे मी ताप घेऊन बसलो होतो. डॉक्टर मला आत घ्यायचे सोडून अर्धा तास सरांशी हुज्जत घालत होते. माझा ताप संतापानंच उतरला असावा.

एका उन्हाळ्यात त्यांनी गल्लीतले कूलर मोजायचे ठरवले. अगदी त्या युरोपातल्या पद्धतीनं. दुकानदारानं किती विकले ते विचारायचं नाही, घरोघर जाऊन चालू आहे का ते बघायचं. आमच्याकडे कूलर म्हणजे घरातलं माणूसच असतं. सर एकेका दारात उभे राहून विचारू लागले, "पंप चालतो का?"

"पंप गेलाय सर, पंखा हाय ना."

"मग त्येला कूलर कसं म्हणावं? पेटीत बसवलेला पंखा हाय ह्यो."

पलीकडच्या घरातल्या मावशींना हे फार लागलं. तो कूलर त्यांच्या माहेरून आलेला होता. त्यांनी सरांना दारातच सुनावलं, "माझ्या बापानं दिलेला कूलर हाय. तुमच्या म्हणण्यानं पंखा व्हत नसतो!" शेवटच्या घरात कूलरमध्ये कोंबडी अंड्यावर बसलेली होती. सरांनी तिथं बराच विचार केला. मोजणी तिथंच थांबली आणि पुढचे दोन महिने गल्लीत कुणी सरांना चहाला बोलावलं नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो. माझा धंदा चालतो तो मुख्यतः क्लासवाल्यांवर. लातूरचं नाव शिकवण्यांत मोठं, आणि तिथल्या क्लासेसच्या शाखा नांदेडातही आहेत. निकाल लागला की आठ दिवस माझं मशीन थंड होत नाही. एकच गुणवान पोरगा चार क्लासांच्या फ्लेक्सवर झळकतो. एका ठिकाणी तो टेस्ट सिरीजला होता, एका ठिकाणी मोफत व्याख्यानाला, एका ठिकाणी त्याची बहीण होती. मी चारही छापतो. सर दुकानात येऊन एकेक फ्लेक्स हातात धरतात आणि भडकतात, "एकच यंत्र चार कारखानदारांनी आपलं म्हणून धरलं, तर बाजार केवढा दिसंल? जनाची न्हाई तर मनाची तरी लाज हाय का ह्यांना?"

"सर, मी छापतो. मोजत नाही," मी म्हणायचो. समोर गिऱ्हाईक उभं असायचं. त्याचा चेहरा बघून मी घाईघाईनं फ्लेक्सची गुंडाळी करायचो.

माझी मुलगी नाझिया डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी लातूरला होती. याच क्लासवाल्यांपैकी एकाच्या मुख्य शाखेत. नाव लिहीत नाही. त्यांच्या वसतिगृहात राहायची. फोनवर म्हणायची, "सगळं ठीक आहे अब्बा." घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो, इथे मराठीत लिहितो आहे, पण "सगळं ठीक आहे" हे कुठल्याही भाषेत तेवढंच खोटं असतं.

निकाल लागला. नाझियाला प्रवेशाइतके गुण मिळाले नाहीत. ती घरी आली आणि आतल्या खोलीत गेली ती बाहेर येईना. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत यायचं. शबाना, माझी बायको, दाराशी बसून तिच्याशी बोलायची. आतून आवाज नाही. आमची मुलगी भांडखोर आहे, लहानपणापासून. तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. ती शांत झाली याचीच आम्हाला भीती वाटत होती.

आणि त्याच आठवड्यात त्या क्लासच्या नांदेड शाखेकडून फ्लेक्सचा मजकूर आला. ‘लातूर मुख्य शाखा : सलग यशाची परंपरा : १००% निकाल.’

मी ते स्वतः स्क्रीनवर लावलं. आकडा मोठा केला, पिवळा केला, त्याला लाल कड दिली. मग माझा हात थांबला. शंभर टक्के? मग माझी मुलगी कुठे आहे?

मी लातूरला फोन लावला. तिथल्या मॅनेजरनं गोड आवाजात समजावलं, "भाई, शंभर टक्के निकाल मुख्य तुकडीचा आहे. तुमच्या मुलीला आपण जानेवारीत वेगळ्या विभागात वर्ग केलं होतं. ती त्यात धरलेली नाही."

"का नाही धरली? तुमच्याकडेच होती ना?"

"होती हो. पण वेगळी होती."

फोन ठेवला तेव्हा सर दुकानाच्या पायरीवर उभे होते. यादी लागल्याचा अबोला चालू होता त्यांचा. पण स्क्रीनवरचा पिवळा आकडा त्यांनी पाहिला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, "छेद कुठं हाय?"

त्या दिवशी मी भडकलो. "सर, तुमचा छेद आत खोलीत बसलाय!" मी ओरडलो. "माझी मुलगी आहे तुमचा छेद! तिला काढून टाकली म्हणून ह्यांचे शंभर झाले!"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. तसेच घरी गेले. मला वाटलं, दुखावले. थोड्या वेळानं इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्यानं चपटे बसवून परत आले. "चला."

"कुठे?"

"लातूरला. त्यो क्लास चालवणारा बालाजी माझा इद्यार्थी हाय. मला मार्क बदलून पायजे न्हाई, पास करून पायजे न्हाई. पोरीला नापास म्हणून धर म्हणावं. पण धर."

नांदेडहून लातूरची एसटी लोहा आणि अहमदपूर करत जाते. सगळ्या वाटेत सर मनाशी पुटपुटत होते. मीही पुटपुटत होतो, पण माझे शब्द छापण्यासारखे नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा क्लासच्या मैदानात मांडव पडला होता. गुणवंतांचा सत्कार. हलगी वाजत होती, पालक नव्या कपड्यांत होते, आणि कमानीवर तोच आकडा होता, दुसऱ्या कुणाकडून छापून घेतलेला. छपाई गचाळ होती, लाल रंग फुटला होता. रागाच्या भरातही मला ते दिसलंच.

बालाजीनं स्टेजवरून सरांना पाहिलं आणि तो धावत खाली आला. पाया पडला. "सर! माझे सर! अरे खुर्ची आणा!" आमचं ऐकून घ्यायच्या आत सर स्टेजवर, अंगावर शाल, हातात नारळ, गळ्यात हार. बालाजीनं माइकवर जाहीर केलं की ज्यांनी आपल्याला आकडे शिकवले ते गुरुवर्य खास नांदेडहून आशीर्वाद द्यायला आलेत. मी खाली, चपलांच्या ढिगापाशी.

सरांच्या हाती माइक आला. सरांनी आधी महासंगणकांपासून सुरुवात केली. युरोप, कारखानदार, बसवलेली यंत्रं, मोडीत निघालेली यंत्रं. पालक एकमेकांकडे बघू लागले. बालाजी मात्र खूश. मधेच दुसरा माइक घेऊन म्हणाला, "सरांनी आपल्या क्लासची तुलना महासंगणकाशी केली आहे! टाळ्या!" टाळ्या पडल्या.

"तुलना न्हाई केली!" सर गरजले. "बालाजी, तुझ्याकडं एक पोरगी व्हती. नाझिया. नांदेडची. तिला कमी मार्क पडले म्हणून तू तिला मोजलंच न्हाई. शंभर टक्के खोटं हाय. त्या एका पोरीला धर, मग सांग किती टक्के!"

बालाजीच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यानं हात वर केला आणि हलगीवाल्यांनी जोरात सुरुवात केली. सरांचा माइक बंद झाला. सर बोलतच होते, ओठ हलत होते, आणि दोन कार्यकर्ते त्यांना अदबीनं, दंडाला धरून, पायऱ्या उतरवत होते. खाली आल्यावर एकानं त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा ठेवला. संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली. शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं. शाल पांघरवून हाकलून दिलेल्या माणसानं काय करायचं?

परतीच्या एसटीत मला फोनवर निरोप आला. त्याच क्लासच्या नांदेड शाखेचा. ‘अर्जंट. उद्या चौकात लागलं पाहिजे.’ सोबत फोटो, सर शाल पांघरून माइकसमोर, एक हात वर. खाली मजकूर, ‘ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांनी गौरवलेला एकमेव क्लास.’

मी फोन सरांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला. "हार जरा वाकडा आलाय," ते म्हणाले.

"मी हे छापणार नाही, सर."

"तुम्ही न्हाई तर दुसरा छापंल."

"छापू दे. लाल रंग फुटेल त्याचा."

सर हसले नाहीत. शालीची घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि तिच्यावरून हात फिरवत होते. अहमदपूर गेल्यावर आपणहून बोलू लागले. "आमचं गाव देगलूरकडं. मी बारका व्हतो तवा कुणी सायब गावात आला का पाटील सांगायचा, गावात इतकी घरं. एकदा मी सगळी घरं मोजली, तर आकडा जुळंना. पाटलाचा आकडा कमी येत व्हता. मी मास्तरला जाऊन इचारलं. मास्तर म्हणला, आरे, तुमची वस्ती त्यात धरत नसतेत. ती वायली."

मी फोन खिशात टाकला.

"मास्तर चांगला माणूस व्हता बरं का," सर म्हणाले. "मला लई जीव लावायचा. वाईट हेतूनं न्हाई सांगितलं त्यानं. सहज सांगितलं."

त्या सहजपणाचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मॅनेजरचा गोड आवाज तोच होता. होती हो, पण वेगळी होती.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. शबाना दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ताट आजही परत आलंय. सर पुढच्या खोलीत आले, आतल्या बंद दारासमोर उभे राहिले आणि वर्गात उभं राहावं तसं ताठ होऊन म्हणाले, "नाझिया, आम्ही लातूरला जाऊन आलो. मी स्टेजवरून सगळ्यांसमोर तुझं नाव सांगितलं. तुला मोजा म्हणालो. त्यांनी ऐकलं न्हाई. हरून आलो, बाळा."

आत खाट करकरली. दार धाडकन उघडलं.

"सगळ्यांसमोर?" नाझिया किंचाळली. "सर, माइकवरून माझं नाव सांगितलं? कमी मार्क पडले म्हणून सांगितलं? आणि अब्बा, तुम्ही तिथं उभे होतात? तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला?"

केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, आणि आवाज गल्लीच्या तोंडाशी जाईल असा. आठवड्यानं तो आवाज ऐकला मी. शबाना तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. सर मान खाली घालून बोलणी खात होते. इतक्या आनंदानं बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

ती आम्हा दोघांना मनसोक्त बोलली. मग दम घ्यायला थांबली आणि म्हणाली, "आणि माझंच नाव का? बाकीच्या मुलींचं काय?"

"कुठल्या बाकीच्या?" सरांनी विचारलं.

"आमचा अख्खा वेगळा विभाग होता, सर. जानेवारीत आम्हाला सगळ्यांना वरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं. शिकवायला कुणी यायचं नाही. देवणीची पूजा होती, किनवटची सुरेखा होती, देगलूरची अश्विनी, कितीतरी होत्या. तुम्ही मला एकटीलाच मोजा म्हणालात?"

सर मटकन खुर्चीत बसले. जन्मभर ठेकेदाराला, डॉक्टरला, युरोपातल्या विद्यापीठाला छेद विचारणारा हा माणूस. मॅनेजरनं फोनवर सरळ विभाग म्हटलं होतं, मीही तसंच सरांना सांगितलं होतं. विभागात एकच मुलगी कशी असेल? आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात ते आलं नाही. मला माझी मुलगी दिसत होती. सरांनाही तिच्याशिवाय कुणी दिसलं नव्हतं.

"मी एकच म्हणालो," सर पुटपुटले. "एकच पोरगी म्हणालो. माइकवर."

"मग आता?" नाझिया कमरेवर हात ठेवून उभी होती.

"फोन हाय का त्यांचे?"

नाझियानं पूजाला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन सरांपुढे धरला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, आता विचारतील मार्क किती, विभागात मुली किती, वर्ग कधी केलं. एवढी मोठी मोजणी समोर आली होती. सरांनी खाकरून घसा साफ केला.

"पूजा, मी नाझियाच्या शेजारचा सर बोलतोय. बाळा, जेवलीस का?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "न्हाई सर."

"आई हाय का जवळ? दे तिला फोन."

आईशी बोलणं झालं. किनवटच्या सुरेखाचा फोन लागेना, किनवटपलीकडच्या तिच्या खेड्याला रेंज नसते. नाझियानं किनवट गावातल्या सुरेखाच्या मामाला लावला आणि मामाला तिच्या घरी पिटाळलं. मग आणखी एक, मग आणखी एक. प्रत्येकीला सर तेवढंच विचारत होते. किती झाल्या हे त्यांनी मोजलं नाही, मीही नाही.

देगलूरची अश्विनी मोठी धीट निघाली. "हाव सर, आत्ताच जेवले," ती म्हणाली. "अन् तुमी? तुमी जेवलात का?"

सकाळपासून सरांच्या पोटात काही नव्हतं, पेढ्याचा पुडा तसाच बांधलेला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फोनकडे.

"न्हाई, बाळा," ते म्हणाले. "मला लई वर्षांत कुणी असं इचारलंच न्हाई."

शबाना केव्हाच उठून आत गेली होती. तिनं दोन ताटं आणली, एक नाझियापुढे ठेवलं आणि एक सरांपुढे. नाझियानं पहिला घास घेतला. सरांनी ताट जवळ ओढलं, पण दुसऱ्या हातातला फोन काही त्यांनी खाली ठेवला नाही.